ऑर्सेवालची गप्प वाइन

उरायासु, ११ मे २०२५

दादा,

मायना लिहायला बसले तर 'प्रिय' लिहवेना, आणि 'सा. न.' लिहिण्याइतकी मी सभ्य राहिलेली नाही. तेव्हा नुसतंच दादा. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंयस आणि ऑर्सेवालच्या ईमेलवर लिहिलं तर अख्खं ऑफिस वाचेल. राहिलं पोस्ट. खिडकीतला माणूस पाकीट तोलताना विचारेल, आत काय आहे? मी म्हणेन, भांडण. तो बिचारा हसावं की नाही या विचारात पडेल.

आई ठीक आहे, घाबरू नकोस. जुनं उकरायलाही लिहीत नाहीये. पण आता विषय निघालाच आहे तर ऐक. माझ्या लग्नात आप्पांनी सासरच्यांना सांगितलं, मुलगा फ्रान्सला औषधाच्या कंपनीत असतो. तू म्हणालास, मी वाइन करतो. आप्पा म्हणाले, दारू गाळतो म्हण की सरळ. आणि तू भरल्या पंगतीतून उठून गेलास. मी तेव्हा मुंडावळ्या बांधून स्वानंदला घास भरवत होते. त्या अवतारात कोणाची बाजू घेणार होते रे? बारा वर्षं तू मला त्याची शिक्षा देतोयस. दे हवी तेवढी. आज काम आहे म्हणून लिहितेय.

मी टोकियोत निशिमोरी कंपनीत दुभाषी आहे. हो, तीच निशिमोरी, जिने तुझं शातो ऑर्सेवाल, द्राक्षमळ्यासकट, मागच्या शतकाच्या शेवटी विकत घेतलं. पुण्यात शिकलेलं फ्रेंच आणि स्वानंदच्या कावासाकीच्या नोकरीपायी इथे येऊन शिकलेलं जपानी, एवढ्या भांडवलावर मला घेतलं. आजवर मी लेबलं आणि जाहिराती बघायचे. तुझ्या मीटिंगांना दुसरी बाई असायची, ती आता बाळंतपणाला गेली. त्यामुळे १२ जूनला, तुझी २०२३ ची वाइन बाटल्यांत भरायची की नाही हे ठरेल तेव्हा, मी मध्ये बसणार आहे. सेलर-मास्टर निरगुडकर माझा सख्खा भाऊ आहे हे इथे कोणालाच माहीत नाही. इथे मी खांबेते-सान. 'टे' त्यांना जमत नाही.

आता मुद्दा. पिंपांतून काढलेले नमुने आलेत. सरावासाठी त्यातली एक बाटली मी घरी आणली. उघडली, ग्लासात ओतली, नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. माळ्यावर पावसात भिजून वाळलेला पुठ्ठा असतो ना, तो वास. पहिला संशय अर्थात माझ्याच घरावर. या एवढ्याशा स्वयंपाकघरात हिंगाचा डबा, लसणाची चटणी आणि कालची फोडणी एकाच कपाटात नांदतात. म्हणून ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुतला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. खाडीचा वारा होता. तरी तोच वास. नुपूर, म्हणजे तुझी भाची, जिला तू पाहिलेलं नाहीस, दहा वर्षांची आहे, ती आली, ग्लासावर वाकली आणि 'कुसाइ!' म्हणून नाक दाबून पळाली. या पोरीला मराठीत 'घाण वास' म्हणता येत नाही, पण नाक निरगुडकरांचं आहे.

ही एकच बाटली खराब असेल. प्रवासात झाली असेल. तसंच असू दे. पण तुला तिकडे पिंपापाशी काय वास येतोय, ते एका ओळीत कळव. माझ्याशी बोलायचं नसेल तर वाइनशी तरी प्रामाणिक राहा.

सुप्रभा


उरायासु, १९ मे

दादा,

तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितेय.

आज ऑफिसात सगळ्या बाटल्या उघडल्या. प्रत्येकीत तोच वास. कुठे जास्त, कुठे पुसट, पण प्रत्येकीत आहे. मी कोपऱ्यात पाण्याचे ग्लास मांडत उभी होते, कारण दुभाषीला चाखायला बोलावत नाहीत, उरलेलं मिळतं.

आणि आता गंमत ऐक. मोठे निशिमोरी-सान, वय ऐंशीच्या पुढे, घोट घेऊन बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, 'शिझुका.' शांत आहे वाइन. झालं! टेबलावरच्या प्रत्येकाने मान हलवली. एक म्हणाला, खोल शांत आहे. दुसरा म्हणाला, देवळाच्या आवारासारखी शांत. अरे, फळाचा वासच मेलाय त्या वाइनचा, ती बोलणार काय कपाळ? मला ती गप्प वाटली, तोंडावर हात ठेवून बसवलेल्या माणसासारखी. आयातीचा मुख्य कुसाका-सान तेवढा काही बोलला नाही. पन्नाशीचा, सडसडीत माणूस आहे, बोलायला महाग. त्याने ग्लास नाकाशी नेला, थांबला, खाली ठेवला आणि वहीत काहीतरी लिहीत बसला. इथे साहेबांच्या आधी कोणी बोलत नाही आणि साहेब बोलल्यावर कोणी वेगळं बोलत नाही.

मी घरी येऊन स्वानंदला सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे पण असंच असतं, सॉफ्टवेअर बंद पडलं की आधी सगळे म्हणतात स्थिर आहे. त्याला प्रत्येक गोष्टीत सॉफ्टवेअर दिसतं. पण मग तो म्हणाला, मशीन तेच, माणसं तीच, तर मधल्या काळात काय बदललं ते बघ. आणि मी बघत बसले.

माझ्या टेबलावर तुझ्या शातोचा इतिहास पडलाय. पुढच्या वर्षी कंपनी त्याची जपानी पुस्तिका काढणार आहे आणि लिहायची मलाच आहे. त्यामुळे ऑर्सेवाल मला तुझ्याइतकंच पाठ झालंय. बोर्दोच्या त्या न्यायाधीशाने दलदल उपसून पहिल्या वेली लावल्या, क्रांतीत त्याचं डोकं वाचलं ते गावकऱ्यांना पिंपं वाटली म्हणून. मग मुळं खाणारी कीड आली आणि सगळा मळा वाळला. तेव्हा घरातली विधवा, मादाम ऑर्तांस, जिला सगळ्यांनी विकून टाक म्हणून सांगितलं, ती अमेरिकन मुळांवर एकेक वेल कलम करत राहिली. तिने लावलेला उत्तरेचा तुकडा छप्पन सालच्या बर्फातही उभा राहिला. आणि ती लांब दगडी कोठी, जिला तुम्ही सेलर म्हणता, न्यायाधीशाच्या वेळची. भिंती तशाच आहेत. बदललंय फक्त छप्पर. २०२३ च्या उन्हाळ्यात जुन्या तुळया काढून नव्या घातल्या, आणि 'लाकूड टिकावं म्हणून बुरशीनाशकाचा लेप दिला' असं मीच भाषांतर करून ठेवलंय, अभिमानाने.

दादा, तो लेप! त्याच्यावर बुरशी बसली की हाच कुबट वास हवेत सुटतो आणि वाइनमध्ये उतरतो ना? तूच मला शिकवलं होतंस हे, तू नाशिकच्या वायनरीत असताना. दुसऱ्या कोणाच्या तरी सेलरची गोष्ट सांगितली होतीस, छपरामुळे बुडालेल्या. त्या वर्षीची वाइन जन्मल्यापासून या छपराखाली आहे. तुझ्या हाताखालचे दोघं नवे आहेत आणि रोज त्याच हवेत असतात. रोजच्या वासाचं नाकाला काही वाटेनासं होतं, ते समजू शकते.

पण तुझं नाक तसलं नव्हतं. तुला कसं कळलं नाही?

सुप्रभा


उरायासु, ३० मे

दादा,

काल तुला पाहिलं. बारा वर्षांनी.

मीटिंगच्या आधीची ती तालीम होती, आवाज नीट येतो का, ग्लास दिसतात का, एवढ्यापुरती. तू पडद्यावर आलास. कानशिलं पांढरी झालीत. चष्मा आप्पांसारखा. मी म्हटलं 'बोंजूर', तू म्हणालास 'बोंजूर मादाम'. मादाम! एवढं नाटक तुला जमतं हे माहीत नव्हतं. बरं, तेही सोड.

तुमच्या व्यवस्थापकाने सांगितलं, दोन्हीकडे एकच नमुना ओतून बघू. तू ओतलास. ग्लास फिरवलास, अगदी पुस्तकात असतं तसा. आणि सरळ तोंडाला लावलास.

आपल्या घरात वाढलेला माणूस असं करत नाही. आईने आपल्याला नैवेद्याच्या आधी कधी काही चाखू दिलं होतं का? आमटीत मीठ आहे की नाही ते वासावरून सांगा म्हणायची. पातेल्यावर वाकून आपण दोघं वाफ घ्यायचो, तू म्हणायचास कमी आहे, आणि कमीच असायचं. मी आजही चहा आधी हुंगते, स्वानंद हसतो. तुझे ते फ्रेंच मास्तर तुला विचारायचे ना, हे नाक कुठे शिकलास? आणि काल तू आधी प्यायलास, मग कोणीतरी आठवण केल्यासारखा ग्लास नाकाशी नेलास आणि म्हणालास, 'काळी चेरी, थोडा देवदार.' चेरी! त्या ग्लासात चेरी असेल तर मी जपानची महाराणी.

तुला वास येत नाहीये.

खोटं असेल तर फोन करून शिव्या घाल, मी ऐकून घेईन, वर आभार मानीन. पण खरं असेल तर मग सगळंच जुळतं. तू उत्तर का देत नाहीस, तेही.

मला एवढंच दिसतंय: २३ जूनला बाटल्या भरायला सुरुवात होणार. एकदा भरल्या, जगभर गेल्या आणि पहिल्या चांगल्या नाकाच्या माणसाने उघडल्या की ऑर्सेवालचं नाव मातीत. तुझंही. मी आधीच बोलले तर वाइन थांबेल, पण लगेच विचारतील, सेलर-मास्टरला कसं कळलं नाही? म्हणजे तू गेलास. आणि मी गप्प बसले तर मग मी कोण? सांग ना, कोण?

तुझ्या हातात अजून वेळ आहे. तू स्वतः थांबव. काहीही कारण सांग, छपराचा संशय आला म्हण, पण तू म्हण. नाहीतर १२ तारखेला मला त्या खोलीत बसायचंय आणि मला काय सुचेल याची मला खात्री नाही.

सुप्रभा


उरायासु, १३ जून

दादा,

काल तू तिथेच होतास, मग मी हे कशाला लिहितेय? कारण अर्धं जपानीत झालं, ते तुला कळलं नाही. आणि जे कळलं त्यावर तू काहीच बोलला नाहीस.

निशिमोरी-सान म्हणाले, शांत वाइन आहे. मी तुला फ्रेंचमध्ये सांगितलं, शांत आहे म्हणतात. तू म्हणालास, मेर्सी. सगळं सुरळीत चाललं होतं. कागद पुढे सरकवला होता, सह्या व्हायच्या होत्या. तेवढ्यात कुसाका-सान माझ्याकडे वळला आणि त्याने विचारलं, 'खांबेते-सान, तुम्हाला काय वाटतं?'

त्या खोलीत दुभाषीला कोणी मत विचारत नाही. जसं पंख्याला विचारत नाहीत. सगळे चपापले. आणि मी, एवढी पत्रं लिहिणारी, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध असलेली मी, खाली मान घालून म्हणाले, 'मी दुभाषी आहे, मला मत नसतं.' लाज वाटली रे. हे तुझ्यापर्यंत पोचवायचं म्हणून मी पडद्याकडे वळले तर तूच बोललास.

'सुपे, पत्रं मिळाली तुझी. खरंच वास येतोय?'

मराठीत. सगळ्यांसमोर. 'सुपे' म्हणालास. मला दोन क्षण ही कुठली भाषा हेच कळेना.

मी म्हटलं, 'येतोय दादा.'

'किती?'

'नुपूरलासुद्धा आला.'

तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास. तुझ्या शेजारी तुमचा व्यवस्थापक हसत बसला होता, त्याला वाटलं गाववाले गप्पा मारतायत. मग तू म्हणालास, आणि मी शब्दन् शब्द लिहिते म्हणजे नंतर आपल्यात वाद नको: 'यांना सांग, मला वास येत नाही. गेल्या वर्षी जानेवारीत ताप आला तेव्हापासून. हा ब्लेंड मी चाखून आणि आठवून केला. ही वाइन भरू नका. आणि मला काढा.'

निशिमोरी-सान खूश होते. त्यांनी विचारलं, तुम्ही दोघं एकाच गावचे का? मी म्हटलं, हो, सिन्नरचे. वा, म्हणाले. मग म्हणाले, सेलर-मास्टर काय सांगतायत?

दादा, दुभाषीचं काम काय असतं माहितीये? समोरचा शिवी देवो की ओवी म्हणो, तेच आणि तेवढंच पलीकडे द्यायचं. त्यावर माझी भाकरी आहे, आणि मला त्याचा माज आहे. आजवर एक अक्षर मी इकडचं तिकडे केलेलं नाही.

काल मी म्हणाले, 'सेलर-मास्टर म्हणतात, त्यांना या वाइनमध्ये दोष जाणवतोय. त्यांचा संशय नव्या छपराच्या लाकडावर आहे. तपासणी होईपर्यंत बाटल्या भरू नयेत अशी त्यांची विनंती आहे.'

हेच मी मग तुमच्या व्यवस्थापकासाठी फ्रेंचमध्ये म्हणाले. त्याचं हसू मावळलं. आणि ते तुला कळलं. तुझी मान वर झाली, तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता हा बोलणार. बोलला असतास तर तिथेच माझा निकाल लागला असता. तू बोलला नाहीस. चष्मा लावलास आणि म्हणालास, 'वी. से तेग्झाक्त.' अगदी बरोबर.

निशिमोरी-सान उठून पडद्यापुढे वाकले. एवढा मोठा माणूस तुझ्यापुढे वाकला. स्वतःची वाइन स्वतः थांबवणारा माणूस मी पाहिला नव्हता, म्हणाले. कुसाका-सान मात्र माझ्याकडे बघत होता.

मी घरी येऊन कोशिंबिरीची काकडी चिरायला घेतली आणि ढसाढसा रडले. स्वानंद म्हणाला, वाचवलंस की भावाला, रडतेस काय? मी म्हटलं, वाचवलं का, ते मला कळत नाहीये.

तुझं नाक परत येणार आहे का? डॉक्टर काय म्हणतात? निदान एवढं तरी कळव.

सुपे


ऑर्सेवाल, २१ जून २०२५

सुपे,

मराठी लिहून वर्षं झाली, चुका काढू नकोस.

तुझी सगळी पत्रं मिळाली होती. पहिलं पत्र वाचून मी सेलरमध्ये गेलो आणि एकेका पिंपावर वाकून उभा राहिलो. काही नाही. हिवाळ्यात खिडकीबाहेर बघावं आणि नुसतं धुकं असावं, तसं. डॉक्टर म्हणतात येईलही, नाहीही. सुरुवातीला वाटलं, आठवड्यात येईल, कोणाला कशाला सांगा. मग ब्लेंड करायची वेळ आली. मग म्हटलं, जिभेवर निभावेल. मग सांगायची सोय राहिली नाही.

तपासणी झाली. तुळयांत तोच दोष निघाला, पिंपांतही निघाला. सगळी वाइन आता भट्टीला जाणार, स्पिरिट करायला. आप्पा असते तर त्यांना कळवलं असतं की त्यांचा मुलगा शेवटी खरंच दारू गाळतोय.

इथे मी देवमाणूस झालोय. शेजारच्या शातोंचे लोक हात मिळवायला येतात. व्यवस्थापक म्हणतो, काय नाक आहे तुझं! दोन्ही पोरं माझ्याकडे बघतात, तेव्हा मला कुठेतरी जाऊन लपावंसं वाटतं. सप्टेंबरात पुन्हा द्राक्षं येतील, पुन्हा मी ग्लास फिरवून उभा राहीन, आणि या वेळी कोणी शंका घेणार नाही, कारण मी तो आहे ज्याने आपली वाइन थांबवली. पुढच्या वेळी काय बिघडेल ते मला कळणार नाही आणि मी म्हणेन, काळी चेरी.

तू माझ्या तोंडी जे घातलंस ते मी गिळलं. तुला दोष देत नाही. मी त्या क्षणी सुटल्यासारखा झालो, हे खरं सांगतो. ते मला जास्त टोचतं.

मला सांगून टाकायचं आहे. पण सांगितलं की पहिला प्रश्न येणार, मग त्या दिवशी दुभाषी काय बोलली? या धंद्यात टोकियोत सगळे एकमेकांना ओळखतात. खोटं बोललेल्या दुभाषीला पुन्हा कोणी उभं करत नाही. माझं जाईल ते माझ्या कर्माने. तुझं का म्हणून जावं? तुझा संसार आहे, पोरगी आहे.

म्हणून विचारतो. तू नको म्हणालीस तर मी गप्प राहीन आणि दुसरं काही कारण सांगून हे काम सोडीन. बोलू का?

माझ्या लग्नाचं तुम्हाला कोणाला कळवलं नाही. बायको होती, तीन वर्षांपूर्वी सोडून गेली. ते पुन्हा कधीतरी.

नुपूरला आशीर्वाद.

दादा


उरायासु, २ जुलै

दादा,

बारा वर्षांनी माणूस पत्र लिहितो आणि त्यात काय असतं, तर परवानगीचा अर्ज! वर लग्न केलं आणि मोडलं, ते शेवटच्या दोन ओळींत, ताजा कलम असल्यासारखं. मी पत्र टेबलावर आपटलं. नुपूर जपानीत म्हणाली, आई कोणाला ओरडतेय? मी म्हटलं, तुझ्या मामाला. तर म्हणाली, मला मामा आहे? बघ काय करून ठेवलंयस.

रागाने दोन दिवस मी तुला 'नको, गप्प बस' असं लिहायचं ठरवलं होतं. खरंच. मला हे काम आवडतं. सकाळच्या गाडीत मी सगळ्यांसारखी काळा कोट घालून उभी असते, मलाही उतरायला एक स्टेशन असतं, ते मला हवं आहे. इथे बाकीच्या बायका स्वानंदची मिसेस म्हणून मला ओळखतात. ऑफिसात मी खांबेते-सान असते. आणि तू स्वतःहून सुचवलंच होतंस की दुसरं कारण सांगून सोडीन. सगळ्यांची अब्रू राखली जात होती. मी लिहायला कागदही घेतला होता.

मग सोमवारी कुसाका-सानने मला बोलावलं. पुस्तिकेचं शेवटचं पान बदलायचं म्हणाला. निशिमोरी-सानची इच्छा आहे की शेवट तुझ्यावर व्हावा. न्यायाधीश, विधवा, छप्पन सालचं बर्फ, आणि मग 'ज्याच्या नाकाने ऑर्सेवाल वाचवलं तो भारतीय सेलर-मास्टर'. तुझा फोटोही आलाय, ग्लास नाकाशी धरलेला.

बसले लिहायला. जपानीत अशी वाक्यं पटकन होतात, सगळं छान वाकून बसतं. पहिली ओळ झाली. दुसरी होईना. मादाम ऑर्तांसने एवढा मळा पुन्हा उभा केला तो आपण दोघांनी असं खोटं चिकटवावं म्हणून नाही, असं काहीतरी मनात आलं, आणि मग त्याहून साधं आलं: उद्या हे नुपूर वाचेल. तिचं जपानी माझ्याहून चांगलं आहे.

आज सकाळी मी कुसाका-सानच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सेलर-मास्टर माझे सख्खे भाऊ आहेत, हे मी लपवलं. आणि १२ जूनला ते जे बोलले ते मी सांगितलं नाही, माझ्या मनचं सांगितलं. त्याने विचारलं, मग ते काय बोलले होते? मी म्हटलं, ते मी आता सांगणार नाही. त्यांनाच विचारा.

त्याने समोरची वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, 'वास मलाही आला होता. मे महिन्यातच. साहेब बोलतील म्हणून थांबलो, साहेब शांत म्हणाले, म्हणून तसाच राहिलो. तुम्हाला विचारलं ते माझ्याऐवजी तुम्ही बोलावं म्हणून.' आणि वर म्हणाला, 'तुम्ही निदान खोटं तरी बोललात.'

हे सांत्वन नव्हतं, गैरसमज नको. दुभाषी म्हणून मी पुन्हा कुठल्याही मीटिंगला बसणार नाही, हे त्याने लगेच पुढे सांगितलं, आणि मी 'हाइ', हो, म्हटलं, कारण ते बरोबर आहे. नोकरी राहते की जाते ते निशिमोरी-सान ठरवतील. पुस्तिका थांबवली आहे. स्वानंदला फोनवर सांगितलं तर तो आधी 'अगं काय हे!' म्हणाला, आणि मग म्हणाला, संध्याकाळी उरायासुच्या स्टेशनवर मीच येतो घ्यायला. तो असं कधी येत नाही.

तर तू विचारलंस, बोलू का. मी परवानगी देत नाही. द्यायला माझ्यापाशी आता काही उरलंच नाही, माझं सांगून झालंय. माझ्या आडून तुला गप्प राहता येणार नाही, एवढंच मी केलं. याचा तुला राग येईल. येऊ दे. मला तुझी काळजी वाटते, आणि स्वतःचीही.

९ तारखेला ते तुला विचारणार आहेत. निशिमोरी-सान स्वतः असतील. पत्र सात-आठ दिवस घेतं, म्हणून याचा फोटो तुझ्या ऑफिसच्या ईमेलवरही पाठवतेय. वाचू देत कोणाला वाचायचं ते. नवी दुभाषी ल्यॉं शहरातली आहे, लहान आहे, पण चोख आहे. तू बोलशील ते ती जसंच्या तसं सांगेल.

मी त्या खोलीत नसेन. मराठीत बोललास तर कोणाला काही कळणार नाही, दादा. फ्रेंचमध्ये बोल.

तुझी,
सुपे